लॅब की कारवान? आधी कुत्र्याच्या पणजोबाचा धंदा विचारा

भाच्याचा कराडहून फोन आला तो थेट मुद्द्यावर. "मामा, लॅब घेऊ का कारवान? दोन्हीकडं पिल्लं तयार आहेत. रविवारपर्यंत सांगा, नाहीतर जातील."

घर नवं, रो-हाउस. पुढं चार पावलांचं अंगण, कंपाउंडची भिंत छातीएवढी. नवरा-बायको दोघं नोकरीला. पोरगी सात वर्षांची, तिला व्हिडिओतला पिवळा गुबगुबीत लॅब, म्हणजे लॅब्राडोर, हवा. भाच्याचे सासरे जतचे. परदेशी कुत्रं पोसणं म्हणजे हत्ती पोसणं, आपलं कारवान न्या, हा त्यांचा हेका. आणि दिवसभर घरात कोण? तर आक्का, माझी थोरली बहीण. गुडघे दुखतात म्हणून जिना दिवसातून एकदाच चढते. कुत्र्याबरोबर सगळ्यात जास्त वेळ तिचा जाणार, आणि तिलाच कुणी विचारलं नव्हतं.

३० ऑगस्ट २०२० ला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळ हाउंड, राजपलायम वगैरे देशी जातींची नावं घेतली. ज्या घरांत पूर्वी डोळे झाकून लॅब किंवा पामेरियन यायचं, तिथं हल्ली देशी घ्यावं का, असा वाद रंगतो. मी जनावरांचा डॉक्टर नाही. पण आटपाडीजवळ आजोबांच्या वस्तीवर कारवानांबरोबर वाढलो आणि गेली नऊ वर्षं सांगलीत, विश्रामबागेत, लॅब सांभाळतोय. म्हणून भाच्याला जे सांगितलं ते जरा विस्तारानं इथं मांडतो.

ब्रीड म्हणजे काय, ते गोठ्यात बघा

ब्रीड म्हणजे जात, आणि जात म्हणजे रंग-रूप नव्हे. एखाद्या कामाला जे जनावर चांगलं, त्याचीच पैदास पिढ्यानपिढ्या करत गेलं की ते काम त्याच्या अंगात उतरतं. रूप मागनं येतं.

माणदेशातल्या माणसाला हे शिकवायला नको. खिलार बैल उंच, सडपातळ, तापट आणि पायानं चपळ, कारण त्याला निवडलं ते ओढायला आणि पळायला. होल्स्टन गाय मोठ्या कासेची आणि शांत, कारण तिला निवडलं दुधाला. खिलार गाईकडनं वीस लिटर दुधाची अपेक्षा आपण धरत नाही आणि होल्स्टनचा गोऱ्हा शर्यतीला जुंपत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र तोंड गोड दिसलं की पैसे मोजून मोकळे होतो.

लॅब्राडोरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर गार पाण्यात उतरायचे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या जमीनदारांनी तिथली कुत्री आणून त्यातनं शिकारीचा सोबती घडवला, आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबनं, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेनं, लॅबला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. काम काय? मालकानं बदकावर बार टाकायचा, तोवर बाजूला गप्प बसायचं. बदक पाण्यात किंवा झुडपात पडलं की हुकूम झाल्यावर जायचं आणि दात न लावता तोंडात धरून आणायचं. अशा कुत्र्याला रिट्रीव्हर म्हणतात, म्हणजे आणून देणारा.

कारवानचं काम नेमकं उलटं. हा साइटहाउंड, म्हणजे वासावर नाही तर नजरेवर शिकार करणारा. माळरानावर लांब ससा हलला की बघायचं, सुटायचं, गाठायचं. मधे माणूस कुठंच नाही. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, कारवाँबरोबर, ही कुत्री इकडं आली म्हणून कारवान, असं सांगतात. तोंड लांब, निमुळतं. डोळे बाजूला सरकलेले. माणसाला मान न वळवता साधारण १८० अंशांतलं दिसतं, तर साइटहाउंडला २७० अंशांपर्यंत. पोट आत खेचलेलं, छाती खोल. भरधाव पळताना एका ढांगेत दोनदा चारही पाय जमिनीवरनं सुटलेले असतात.

म्हणजे एकाचा पणजोबा हुकमाची वाट बघत बसायचा, आणि दुसऱ्याचा हुकमाची वाट बघत बसला असता तर उपाशी राहिला असता. पुढचं बरंचसं यातनंच निघतं.

हाक मारली की काय होतं

आजोबांकडं हरणी नावाची कारवान कुत्री होती. एका दुपारी ती त्यांच्या बाजल्याखाली मुटकुळं करून झोपलेली. लांब बांधावर काहीतरी हललं. मला ते दिसलंसुद्धा नाही. बाजलं किंचित हललं एवढंच कळलं, मग बघतो तर हरणी दोन शेतं ओलांडून गेलेली. आजोबा हाका मारत राहिले. तासाभरानं ती आली, जीभ लोंबत, पुढच्या पायात बाभळीचा काटा. मला वाटलं आता मार खाणार. आजोबांनी तिचा पाय मांडीवर घेतला, काटा काढला आणि म्हणाले, "पळाय लागली की हिला कान नसत्यात."

एवढं एक वाक्य कळलं तरी कारवान समजलं. ते मठ्ठ नसतं, हट्टीही नसतं. ज्या क्षणी पळायचं त्या क्षणी मालकाकडं वळून न बघणारीच कुत्री निवडत आणलेली आहेत. त्यामुळं उघड्या जागी, रस्त्याकडेला, पट्टा सोडून कारवान फिरवायचं नाही. समोर मांजर आलं, कोंबडी आली, शेजारच्या शेळीचं करडू उड्या मारत आलं, की तुमचं सगळं शिकवणं गेलं. आणि छातीएवढी भिंत? त्याला तो उंबरा.

आमचा लॅब, ब्रूनो, मात्र दिवसातून पन्नास वेळा माझ्या तोंडाकडं बघतो. 'बस' म्हटलं की बसतो. अर्थात नजर माझ्या हातात काय आहे त्यावर. आंधळ्यांना वाट दाखवायला किंवा स्फोटकं हुंगायला लॅब घेतात त्याला हेच कारण. माणसाकडं बघत राहणं हीच त्याची विद्या.

"पण मुधोळ तर लष्करात आहेत!"

हा सासऱ्यांचा हुकमी एक्का. खरं आहे. मुधोळ हाउंड, म्हणजे कारवानच, साधारण २०१६ च्या सुमारास लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेले गेले. पण तिथं एका कुत्र्यामागं एक माणूस असतो, आणि त्या माणसाचा पगारच त्या कामाचा. भाचा सकाळी साडेआठला घर सोडतो. लष्कराला जमलं म्हणून आपल्याला जमेल, असं आपण रणगाड्याबद्दल म्हणतो का?

जाता जाता नावाचा घोळही निस्तरू. कारवान आणि मुधोळ हाउंड हे मुळात एकच कुत्रं. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कॅरव्हान हाउंड म्हणतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. मुधोळ हे घोरपडे सरकारांचं संस्थान, आज कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात, सांगलीपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहाला एक जोडी भेट दिली. २००५ मध्ये टपाल खात्यानं मुधोळवर तिकीटही काढलं. कान-शेपटीला रेशमी झुलपं असलेल्या कुत्र्याला आपल्याकडं पश्मी म्हणतात.

देशी कुत्र्याचा अभिमान म्हणाल तर तो आपल्या मातीत फार जुना आहे. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्यानं शिकारीत वाघापासून त्यांना वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात. संगम माहुलीला त्याची समाधी आहे. घाटावर गेलात तर बघून या. पण अभिमान वेगळा आणि कंपाउंडची भिंत वेगळी.

पोट: लॅबचं आणि कारवानचं

लॅब खादाड असतो हे सगळ्यांना माहीत. तो का खादाड असतो हे मात्र फार जणांना माहीत नसतं, आणि त्याचं उत्तर गमतीचं आहे.

केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये एक जनुक अर्धवट तुटलेला असतो. जनुक म्हणजे शरीराच्या कारभाराची आई-बापांकडनं आलेली एक सूचना. ही सूचना 'पोट भरलं, आता पुरे' असं मेंदूला सांगण्याच्या कामातली. ती तुटली की निरोप पोचतच नाही. २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट पुढं आली: असे लॅब नुसते बसलेले असतात तेव्हा इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्च करतात. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी. पंगतीत वाढपी येतच राहतो आणि पाहुण्याला नको म्हणता येत नाही, तसं काहीसं. म्हणून 'आमचा लॅब बिचारा भुकेलाच असतो' यावर विश्वास ठेवू नका, आणि 'याला शिस्त नाही' म्हणून त्याला मारूही नका. डबा वर ठेवा.

डबा वर ठेवा हे मी शिकलो ते ठेच लागून. ब्रूनो दीड वर्षाचा असताना आम्ही बाहेर गेलो आणि घरात अर्धा किलो भडंगाची पिशवी राहिली. आलो तेव्हा पिशवी चाटून आरशासारखी झालेली, आणि हे महाराज मिटल्या तोंडानं शेपटी हलवत उभे. भडंगात लसूण असते. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. त्या रात्री डॉक्टरांकडं धावलो. निभावलं.

पण सांगलीकरानं सगळ्यात जास्त धास्ती घ्यावी ती बेदाण्याची. तासगाव पट्ट्यात घरटी बेदाणा असतो. दिवाळीला किलोकिलोचे बॉक्स भेट येतात, पोरं खिशात मूठभर घेऊन फिरतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी असतात. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल हे त्याचं कारण असावं असं आता मानलं जातं. चिंचेतही तेच असतं, म्हणून चिंचेचे गोळेही लांब ठेवा. वाईट असं की एखाद्या कुत्र्याला मूठभर पचतात आणि एखाद्याची मूत्रपिंडं थोड्याशानंही एक-दोन दिवसांत बंद पडतात. आधी सांगता येत नाही. खाल्लेले दिसले तर उलटी होते का बघत बसू नका, तासाभरात डॉक्टरांकडं न्या. हे कारवानलाही लागू आहे, फरक इतकाच की कारवान बेदाण्याला हुंगून निघून जाण्याची शक्यता बरी असते आणि लॅब बॉक्ससकट खातो.

कारवानच्या पोटाचा ताप वेगळाच, तो शेजाऱ्यांकडनं येतो. धडधाकट कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात, दिसायलाच पाहिजेत. पण गल्लीतलं प्रत्येक माणूस म्हणणार, "काय हो, कुत्र्याला खायला घालत नाही वाटतं?" आणि तुम्ही लाजून भाकरी वाढवणार. लॅबचं उलटं. त्याचं पोट लोंबायला लागलं की लोक म्हणतात, "वा, काय तब्येत!" ते ऐकून आपण खूश, आणि तिकडं त्याचे खुब्याचे आणि कोपराचे सांधे, जे या जातीत मुळातच नाजूक, रोज थोडे झिजताहेत.

लोकांचं ऐकू नका, हात वापरा. आपला तळहात पालथा करून बोटांमागची हाडं चाचपा. बरगड्या हाताला तशा लागल्या तर वजन ठीक. मूठ वळून उंचवट्यांवरनं हात फिरवा, तशा लागल्या तर कुत्रं रोड आहे. उलट्या हाताच्या मऊ तळव्यासारखं लागलं तर जाड. कारवान पहिल्या दोन खुणांच्या मधे कुठंतरी बसतं, त्याची काळजी करू नका. वजन सांगायचं तर लॅब २५ ते ३६ किलो. कारवान त्याच्यापेक्षा उंच असूनही २० ते २८.

ऊन आणि पाऊस: माठाचा हिशोब

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जवळपास फक्त पंजांना येतो. ते गार होतं जिभेवरनं. धापा टाकतं तेव्हा ओली जीभ सुकत राहते आणि आतली उष्णता काढून नेते. आपला माठ हेच करतो. आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की माठातलं पाणी गार होत नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. मेअखेरीची दमट दुपार कुत्र्याला जड जाते ती त्यामुळं.

आता हा माठ गोधडीत गुंडाळा. तो झाला लॅब: खाली दाट लव, वर तेलकट केस, त्याखाली चरबी, सगळं गार समुद्रासाठी केलेलं. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा ब्रूनोचं फिरणं पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर. अशी वेळ ज्याला काढता येणार नाही त्यानं लॅबचा विचार करू नये, असं मी स्पष्टच सांगतो. डांबरी रस्त्यावर स्वतःचा तळहात पाच-सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याला तिथं चालवू नका. उन्हाळ्यात सगळे केस भादरून टाकणारेही भेटतात. ते करू नये, तेच केस उन्हापासून कातडीही वाचवतात.

कारवानला ऊन सोसतं. केस तोकडे, अंगावर चरबी नाही, लांब पाय. पण त्याला थंडी आणि पाऊस सोसत नाही, हे देशी-देशी म्हणणारे विसरतात. सातारा जिल्हा म्हणजे काही एकच हवा नव्हे. दहिवडी-म्हसवडला वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला ५,००० च्या वर. कारवान माण-खटाव, आटपाडी, जतचं. पाटण किंवा शिराळ्याच्या पावसात त्याला ओसरीवर बांधलं तर ते कुडकुडतं. फरशीवर झोपवलं तर कोपरांना घट्टे पडतात, कारण हाडाला गादीच नाही. जुनी गोधडी द्या, ती त्याची गरज आहे.

लॅबला पाऊस आवडतो; त्याच्या कानांना आवडत नाही. लोंबत्या कानांत ओल राहते, बुरशी होते, घाण वास सुटतो. अंघोळीनंतर कान कोरडे करायचे. आणि पाणी आवडतं म्हणून कृष्णेत पोहायला सोडू नका. भिलवडी-औदुंबरच्या डोहातल्या मगरी आपण फोटोत बघतो, पण त्या फोटोतच राहत नाहीत.

"देशी कुत्र्याला डॉक्टर लागत नाही"

लागतो. पार्व्हो, डिस्टेंपर आणि रेबीज हे रोग जात विचारून येत नाहीत. पिल्लाच्या लसी साधारण सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात, रेबीजची तीन महिन्यांच्या सुमारास, मग दरवर्षी. गोचीड तापही तसाच. शेतात, गोठ्याजवळ, उसाच्या कडेला फिरणाऱ्या कुत्र्याला गोचीड लागणारच. कारवानच्या तोकड्या केसांत ती दिसते तरी, लॅबच्या लवेत बोटांनी शोधावी लागते.

एक गोष्ट मात्र कारवान घेणाऱ्यानं लक्षात ठेवून डॉक्टरांना आठवण करून द्यावी: भूल. भुलीची काही जुनी औषधं रक्तातनं मेंदूत जातात आणि मग अंगातल्या मांसात, चरबीत पसरतात. तेव्हा मेंदूतलं प्रमाण उतरतं आणि जनावर शुद्धीवर येतं. चरबी म्हणजे कोयनेचं धरण समजा. वरनं आलेलं पाणी साठवून घेतं तेवढा सांगलीचा पूर कमी होतो. साइटहाउंडच्या अंगात हे धरणच लहान. शिवाय ग्रेहाउंड या विलायती साइटहाउंडवर अभ्यास झाले, त्यात असं दिसलं की त्यांचं यकृतही काही औषधं सावकाश मोडतं. त्यामुळं थायोपेंटोनसारख्या औषधानं त्यांना शुद्धीवर यायला फार वेळ लागतो. कारवानही त्याच साच्याचं. नसबंदीला नेताना 'साहेब, हे कारवान आहे' एवढं म्हणायला काही लागत नाही, दुसरी औषधं उपलब्ध असतात.

राखणीला कुठलं?

लॅब चोराला बॅटरी धरून कपाट दाखवेल, हा विनोद जुना झाला, पण फार चूक नाही. ब्रूनो भुंकतो जोरात, मग दार उघडलं की गॅस सिलेंडरवाल्याच्या गळ्यात पडतो. कारवान अनोळखी माणसाशी अंतर ठेवतं. उगाच भुंकत नाही, पण बघत राहतं, आणि ते बघणं पुरेसं असतं.

मात्र 'राखणीला' म्हणून कारवान आणून दिवसभर साखळीला ठेवणारे लोक आपल्याकडं खूप आहेत. शर्यतीचा बैल वर्षभर दावणीला ठेवून बघा, तो काय करतो. पळायला मिळालं नाही की हे कुत्रं आतल्या आत कुढतं, भित्रं होतं आणि भित्रं कुत्रं चावतं. मग नाव पडतं, 'कारवान डेंजर असतात'.

आणि कराड, शिराळा, पाटणकडच्या वस्तीवर रात्री कुत्रं बाहेर बांधणं सोडून द्या, कुठल्याही जातीचं. उसात बिबटे आहेत. साखळीला बांधलेलं कुत्रं बिबट्याला वाढलेलं ताट असतं.

पोरं आणि म्हातारी माणसं

इथं माझं मत लोकांच्या मताच्या थोडं उलटं आहे. लॅब पोरांशी चांगला, हे बरोबर. पण आठ महिने ते दोन वर्षं या वयातला लॅब म्हणजे तीस किलोचं प्रेम, आणि ते धावत येतं. ब्रूनोनं त्या वयात माझ्या सासूबाईंना दोनदा खाली बसवलं, आनंदानं. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ही गंमत नाही. वर्षभर केस: चटईवर, सोफ्यावर, वरणात.

मोठं झालेलं कारवान घरात अतिशय शांत असतं. सकाळी नीट पळवलं की दिवसभर कोपऱ्यात झोपून राहतं, असून नसल्यासारखं. केस नावापुरते. पण त्याला मिठ्या मारलेल्या आवडत नाहीत, झोपेत अचानक हात लावलेला आवडत नाही, आणि सात वर्षांच्या पोरीला कुत्र्याशी करायचं असतं ते नेमकं हेच. शिवाय पिल्लाला तीन ते बारा-चौदा आठवड्यांच्या वयात माणसं, आवाज, गाड्या, पोरं दाखवावी लागतात. वस्तीवर एकांतात वाढलेलं मोठं पिल्लू शहरात आणलं तर ते मिक्सरलाही बिचकतं.

चावलं तर, मग ते घरचं असो, लस झालेलं असो, जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांकडं जायचं. मिरची-हळद भरायची नाही. आपली हळद सगळ्याला चालते, याला नाही.

पिल्लू बघायला जाताना

'रविवारपर्यंत सांगा नाहीतर जातील' म्हणणाऱ्याकडनं घेऊ नका, हे भाच्याला पहिलं सांगितलं. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडायचं नसतं; २०१७ च्या श्वान पैदास नियमांत तसं आहेच, आणि पैदास करणाऱ्यानं राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडं नोंदणी करायची असते. विकणारा पाच आठवड्यांचं पिल्लू 'दोन महिन्यांचं' म्हणून हातात ठेवतो.

लॅबच्या बाजारात 'पंच फेस', 'हेवी बोन' हे शब्द ऐकू येतील. म्हणजे तोंड आखूड, हाडं जाड. ऐकायला भारी, पण जाड हाडाचं, जड पिल्लू तुमच्या गळ्यात मारलं जातंय आणि पुढं सांध्यांची बिलं तुम्ही भरणार आहात, असा मी त्याचा अर्थ घेतो. आई-बापाच्या खुब्यांचा एक्स-रे काढलाय का, हे विचारा. बहुतेक जण तुमच्याकडं वेड्यासारखं बघतील. बघू द्या.

कारवानच्या बाजारात 'ओरिजिनल' हा शब्द. शर्यतीसाठी ग्रेहाउंडशी संकर केलेली पिल्लं कारवान म्हणून खपवतात. पळतात चांगली, पण ती जात ती नव्हे. आणि विकणारा ससा धरल्याचा व्हिडिओ दाखवून भाव वाढवू लागला तर तिथनं उठा. सशाची शिकार हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आजोबांच्या काळी काही का असेना.

दोन्हीकडं पिल्लापेक्षा आई जास्त वेळ बघा. ती परक्या माणसाला कशी घेते, पोरगी जवळ गेली तर काय करते. पिल्लू गोड असतंच, सगळी पिल्लं गोड असतात.

"मग सरळ गावठी का नको?"

खरं तर बऱ्याच घरांना तेच योग्य. गल्लीतलं पिल्लू आपल्या हवेत टिकत आलेल्या कुत्र्यांचं असतं, मध्यम बांध्याचं, हुशार. त्याचा पणजोबा कुणाच्याच चाकरीत नव्हता. माणसाच्या आसपास राहून, माणसाचा अंदाज घेत जगणं हाच त्याचा धंदा. त्यालाही लसी, नसबंदी, पट्टा आणि वेळ लागतो. भाच्याला हेही सांगितलं. तो फोनवर गप्प झाला, मी पुढं ताणलं नाही.

शेवटी त्याला विचारलं: रोज पहाटे उठून बंद, कुंपण असलेल्या जागेत कुत्रं पळवून आणणार कोण? आणि रोज खाण्यावर नजर ठेवून, केस झाडून, अंगचटीला येणाऱ्या कुत्र्याला दोन वर्षं शिकवणार कोण? पहिल्याला माणूस असेल तर भिंत वाढवा आणि कारवान आणा. दुसऱ्याला असेल तर लॅब, पण पिल्लू नको. कुणाचा तरी तीन-चार वर्षांचा, धिंगाणा संपलेला लॅब शोधा. बदली झालेल्या घरांतनं मिळतात. आणि आक्काला विचारा.

परवा आक्काचाच फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, गुडघ्याचं झालं, पावसाचं झालं. ठेवता ठेवता म्हणाली, "अरे, ते कपाटाच्या खालच्या खणातले बेदाण्याचे डबे वर ठेवलेत मी. आता तिथं कुलूप लावू का, का नुसती कडी पुरेल?"

कुलूप लाव, म्हटलं.